पिच्चरसाहेबांची चूकवही

अंबूबाईची दोन बोटं गेली त्या दिवशी कटिंग मशीनच्या ब्लेडवर गार्ड नव्हता. त्याआधीचे तीन दिवसही नव्हता. आणि त्या चारही दिवसांच्या तपासणी तक्त्यावर 'गार्ड आहे' या रकान्यात बरोबरची खूण आणि खाली सही माझी होती. हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्या माणसाबद्दल लिहायला बसलोय त्याने तोंडावर विचारलं तेव्हा त्यालाही नाही.

आता सांगतोय, कारण राग गिळवत नाही. राग नेमका कोणावर, ते मला अजून नीट वाटून देता आलेलं नाही. बराचसा माझ्या वाट्याचा आहे. थोडा त्यांच्याही.

त्यांचं नाव लिहीत नाही. चिंचोळी एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेलच्या कारखान्यात ते कामगार कल्याण अधिकारी होते आणि मी त्यांचा असिस्टंट. कागदावर त्यांना वेल्फेअर ऑफिसर म्हणत, खात्यात पिच्चरसाहेब. मला ते नावाने कधी हाक मारत नसत. "असिस्टंट" म्हणायचे. बस चुकली तरी असिस्टंट, चहा सांडला तरी असिस्टंट.

बुटका माणूस. पँट पोटाच्या वर बांधलेली, केस तेलाने चप्प बसवलेले. खांद्याला नवी पेठेतल्या एका कापड दुकानाची पिशवी. तिच्यात कडक भाकरी, शेंगाचटणीचा डबा आणि मुलांची दोन-तीन चित्रांची पुस्तकं. चटणीचं तेल पुस्तकांना लागायचं, त्यामुळे त्यांच्या पुस्तकातला प्रत्येक ससा पिवळा आणि अर्धपारदर्शक. कंपनीच्या बसमध्ये ते ही पुस्तकं ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत वाचत. नव्या माणसाला वाटायचं, साहेब आत्ता साक्षर व्हायला लागलेत.

एकाने विचारलं होतं, "साहेब, नातवाचं काय पुस्तक?"

"लगीनच न्हाय तर नातू कुटनं यील? माझंच हाय."

"ह्यात काय असतंय तुमच्यासाठी?"

"सामान असतंय. लहान पोराला न्हेता येतंय तेवडंच ठेवलेलं असतंय त्यात. मोठ्यांच्या पुस्तकात सामान कमी आन पोती जास्त."

सामान हा त्यांचा शब्द. सिनेमा असो की पोरांची गोष्ट, त्यातून माणसाने घरी काय न्यायचं, म्हणजे सामान. ते मूळचे करकंबचे. एक बहीण तिकडे, बाकी कोणी नाही. नवी पेठेत एका दुकानाच्या माडीवर एक खोली घेऊन राहायचे. आठवड्यातल्या तीन संध्याकाळी सिनेमा, आणि तिन्ही वेळा तोच. पहिल्यांदा गोष्टीसाठी. दुसऱ्यांदा पडद्याच्या कोपऱ्यांसाठी, कारण त्यांच्या मते मधोमध जे असतं ते दाखवण्यासाठी असतं आणि कोपऱ्यात जे असतं ते चुकून राहिलेलं असतं. तिसऱ्यांदा ते पहिल्या रांगेत बसून मान मागे वळवून लोकांचे चेहरे बघत. त्यावरून एकदा मारही खाल्ला होता, म्हणे.

आणि शेवट त्यांनी एकाही सिनेमाचा पाहिला नाही. शेवटची दहा-पंधरा मिनिटं राहिली की उठून बाहेर. "शेवट काय, काडणाऱ्यानं आदीच ठरवलेला असतोय. तिकिटाचं पैसं वसूल झालं पायजेत म्हणून लावत्यात. सामान मदीच असतंय." कोणी विचारलं की मग शेवटी काय झालं साहेब, तर म्हणायचे, "तू ठरव की. तुला डोकं दिलंय."

मला त्या वेळी हे सगळं भयंकर लाजिरवाणं वाटायचं. एमएसडब्ल्यू करून मी नोकरीला लागलो होतो. ऑफिसरांच्या टेबलावर जेवताना मी त्यांची नक्कल करायचो आणि लोक हसायचे. मॅनेजर सगळ्यात जास्त हसायचा. तेवढ्या हसण्यावर मी त्या टेबलावर टिकून होतो.

शनिवारी जेवणानंतर अर्धा तास कॅन्टीनमध्ये साहेबांचा तास. पेन ड्राइव्ह लावायचे, दहा मिनिटांचा तुकडा दाखवायचे आणि रिमोट खिशात टाकायचे.

"काय बगितलं?"

"मारामारी," मागून कोणीतरी म्हणायचं.

"मारामारीत काय बगितलं?"

"हिरोनं बारा जण आडवे केले की."

"त्ये त्येचं काम हाय, त्येचं त्येला मिळतंय. पळताना त्येनं काय केलं?"

मग तुकडा परत. हिरो बाजारातून पळतो, आंब्यांची हातगाडी उलटते, कॅमेरा हिरोमागे निघून जातो. साहेब नेमकं तिथे चित्र थांबवायचे. उजव्या कोपऱ्यात, अर्धा कापला गेलेला, गाडीवाला डोक्याला हात लावून उभा.

"ह्यो माणूस पाटंचं उटून माल आणतोय. हिरो परत आला का त्येच्याकडं? पिच्चर तीन तासाचा हाय. बर्फात नाचायला टाइम हाय. ह्याच्याकडं यायला दोन मिन्टं न्हाईत?"

चेकिंगच्या टेबलावरची अंबूबाई पहिल्या बाकावर असायची. घरी तेलुगू, कारखान्यात मराठी, आणि दोन्हींत आवाज मोठा. "पण हिरोनं येऊन काय म्हणायचं ओ साहेब? त्याच्या मागं माणसं लागलेली की."

"म्हणायचं, मी सांडलं. दोन शब्द. आंबं भरून न्हाय दिलं तरी चालंल. मी सांडलं, यवडं म्हणायचं."

असंच एकदा खलनायकाच्या टोळीतला एक माणूस. नाव नाही, संवाद नाही, गोळी लागून पडतो. साहेबांनी त्याच्यावर अख्खा अर्धा तास घालवला. ह्याला हुकूम कोणी दिला? ह्याने विचारलं का, कशासाठी? घरी डबा भरून निघाला असेल का? "मालक सांगतोय म्हणून करू नका. आदी बगा, मालकाला आपला हात कशाला पायजे." मॅनेजरच्या कानावर हे गेलं तेव्हा तो हसला. पिच्चरसाहेब म्हणजे कंपनीची करमणूक, असं त्याचं मत.

पण काहीतरी व्हायचं. एका सिनेमात आई ताट घेऊन मुलाची वाट बघत बसते. साहेबांनी विचारलं, ती स्वतः जेवली का? पिच्चरमध्ये कोणी विचारतंय का? घरी जाऊन विचारा, तेवढंच सामान. पुढच्या शनिवारी शिवाप्पा उभा राहिला. अक्कलकोटकडचा म्हातारा जॉबर, मागवाल्यांचा मुकादम, तीस वर्षं मागावर काढलेली.

"विचारलं साहेब. बायको म्हणाली, आज काय झालंय तुमाला, ताप आलाय का."

सगळं कॅन्टीन हसलं. साहेब हसले नाहीत. "आन? जेवली होती का?"

"न्हाई," शिवाप्पा म्हणाला आणि बसला.

नंतर कोणी हसलं नाही. मी दाराशी उभा होतो, मला तेव्हाही ही फालतूगिरी वाटली. खरं तर वाटली नव्हती. ऑफिसरांच्या टेबलावर सांगताना मी ती फालतूगिरी करून सांगितली.

हत्तीच्या पिल्लाची गोष्ट त्यांची सगळ्यात लाडकी. कुठल्या तरी जुन्या, कव्हर गेलेल्या पुस्तकातली. पाणवठा गढूळ होतो. माकड म्हणतं बेडकाने केला, हरीण म्हणतं बेडकाने केला, कारण बेडूक लहान असतो. शेवटी हत्तीचं पिल्लू पुढे येतं आणि म्हणतं, मी ढवळलं. साहेब माकडाचा आवाज काढायचे, सोंडेसाठी हात नाकाला लावायचे. समोर तेल-काजळीने काळे झालेले पन्नाशीचे गडी.

"एन्री साहेब," शिवाप्पा कानडीतलं 'काय हो' लावून कुरकुरायचा, "आमी काय बालवाडीत आलोय का?"

"बालवाडीत नीट ऐकलं असतंस तर मला हितं यावं लागलं नसतं."

त्या पिल्लातून चूकवही निघाली. लांबट, लाल पुठ्ठ्याची. तास संपला की ती बाकांवरून फिरायची आणि ज्याला वाटेल त्याने एक ओळ लिहायची. नियम तीन. ओळ 'मी' पासून सुरू. दुसऱ्या कोणाचं नाव नाही. आणि लिहिलेल्यावर कारवाई नाही. हा तिसरा नियम पहिल्या पानावर होता, त्याखाली तेव्हाच्या मॅनेजरची सही आणि कंपनीचा शिक्का. साहेबांनी तो हट्टाने मारून घेतला होता.

काय काय लिहायचे लोक. मी मशीन न पुसता गेलो. मी भाजीत मीठ नाही म्हणालो, मीठ होतं. मी साहेबांच्या डब्यातली चटणी खाल्ली. साहेबांची ओळ दर शनिवारी पहिली: मी मागच्या वेळी गोष्ट चुकीची सांगितली, आंबे नव्हते, पेरू होते. वर्षं गेली तसा लोकांचा त्या वहीवर विश्वास बसला. तपासणीत जे कोणी बोलत नसे ते वहीत यायचं, आणि साहेब गुपचूप ते दुरुस्त करून घ्यायचे. वही माझ्या कपाटात असायची. सांभाळणं माझं काम.

आता ते चार दिवस.

सोमवारी कटिंगच्या सुपरवायझरचा फोन आला. "गार्डमध्ये टॉवेल अडकतोय. काढून ठेवलाय. ऑर्डर निघेपर्यंत राहू द्या." मी "बरं" म्हणालो. एवढाच गुन्हा, एका शब्दाचा. रोज सकाळी तक्ता घेऊन खात्यात जाऊन बघून खूण करायची, असा नियम होता. मी टेबलावर बसूनच करायचो, कित्येक महिने. त्या आठवड्यात मात्र माहीत असून केली. साहेब तेव्हा करकंबला होते, बहीण आजारी होती.

गुरुवारी नेहमीची बाई आली नाही म्हणून अंबूबाईला चेकिंगवरून उठवून कटिंगला उभं केलं. त्या मशीनवर ती आयुष्यात पहिल्यांदा. तासाभरात टॉवेल अडकला, तिने बोटाने ओढला. उजव्या हाताची दोन बोटं.

दुपारपर्यंत गार्ड जागेवर बसला होता. ज्यांनी बसवला त्यांची बाजू त्यांनी लिहावी.

मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. आरडाओरडा नाही, काही नाही. "तक्ता बघितला मी. तुझा तक्ता व्यवस्थित आहे. मग प्रश्न कुठं आहे?" मग म्हणाला, "ती साहेबांची वही असते ना, त्यात लिहितात ना ते लोक आपलं आपण? ती घेऊन जा दवाखान्यात. बाई साहेबांचं ऐकते म्हणतात."

मी शनिवारी गेलो. वही घेतली. शाईचं पॅडही घेतलं. तिचा उजवा हात बांधलेला असणार, सही होणार नाही, हे मला निघतानाच सुचलं होतं. पुढे कित्येकदा स्वतःला सांगून बघितलं की मी घाबरलो होतो. घाबरलेला माणूस शाईचं पॅड आठवणीने घेत नाही.

ती बसलेली होती, उशीला टेकून. मांडीवर तो पांढरा गुंडाळा. शेजारी मुलगी, शाळेच्या गणवेशात.

"सर, तुमी कशाला आलाव ओ एवढं लांब."

"साहेबांनी पाठवलंय," मी म्हणालो. साहेबांना अपघात झाल्याचंसुद्धा माहीत नव्हतं.

"त्यांना कळलं? लई वाईट वाटलं असंल की त्यांना."

"हो. वही पाठवलीय त्यांनी. म्हणाले, शनिवार चुकायला नको."

ती हसली. खरोखर हसली, त्या अवस्थेत. मुलीला म्हणाली, "बघ, आमचे साहेब. हितंबी शाळा." मग माझ्याकडे वळून, "काय लिवायचं सर?"

"झालं ते. तुमचं तुम्ही सांगा, मी लिहितो."

"मला कळलंच नाही काय झालं ते. टॉवेल अडकला, मी वढला. त्याच्यावर झाकण असतंय म्हणं, काल बायका आल्यात्या, सांगत होत्या. होतं का ओ ते?"

मुलगी माझ्याकडे बघत होती.

"होतं," मी म्हणालो.

"मग हात आत गेलाच कसा?"

"तुम्ही वर उचललं असेल. घाईत लक्षात राहत नाही माणसाच्या."

तिने बराच वेळ विचार केला. मी तो विचार करताना तिला बघत होतो, आणि आजही दिवसातून एकदा तरी बघतो. जे झालंच नव्हतं ते ती आठवायचा प्रयत्न करत होती. शेवटी तिने ते आठवलं. "असंल. त्या दिवशी नाष्टा न करता आलेले मी. लक्ष नसंल." मग पाठ सरळ करून म्हणाली, "लिवा. मी झाकण उचललं आणि चालू मशीनमधी हात घातला. माझं लक्ष नव्हतं."

मी लिहिलं. तिचा डावा अंगठा पॅडवर धरून वहीवर टेकवला.

निघताना ती म्हणाली, "साहेबांना सांगा, दुसऱ्या कुणाचं नाव नाही घेतलं मी."

साहेब सोमवारी आले. अपघात कळल्यावर तडक दवाखान्यात गेले, तिथून येऊन त्यांनी वही मागितली, ओळ वाचली आणि चष्मा काढून पुसत बसले. मी वही नेलीच का, हे त्यांनी विचारलं नाही. तिने त्यांना सांगितलं असणार की तुमची वही आली, आणि त्यांना वाटलं, असिस्टंटला अखेर कळलं काहीतरी. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "बरं केलंस. तिला त्याच्यानंच बळ आलंय."

पुढच्या शनिवारी त्यांनी ती ओळ कॅन्टीनमध्ये मोठ्याने वाचली. "पिच्चरमदी हात तुटल्यावर हिरो बदला घ्यायला जातोय. हिनं काय केलं? हिला म्हणत्यात माणूस." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. सगळ्यांबरोबर वाजवल्या नसत्या तर दिसलं असतं.

महिन्याभरात त्या पानाची झेरॉक्स चौकशीच्या फाइलला लागली. सुरक्षा नियमाचा भंग, स्वतःची कबुली, अंगठ्यासकट. बाहेरून तपासणीला आलेल्या माणसाने तक्ता पाहिला, जागेवरचा गार्ड पाहिला, कबुली पाहिली. तिन्ही एकमेकांना धरून होती. फाइल मीच लावली होती. अंबूबाईला कामावरून कमी केलं. त्याआधी चौकशीत तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वहीत लिवलंय तेच खरं हाय," आणि उठून गेली.

साहेब वही घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरले. दार उघडं होतं, मी बाहेर होतो.

"पैल्या पानावर काय लिवलंय ते वाचा."

"वाचलं. सही माझी नाही. आधीच्या मॅनेजरची आहे."

"शिक्का कंपनीचा हाय."

"साहेब, तुमच्या पिच्चरच्या तासाला कंपनीने कधी ना म्हटलं? तुम्हीच शिकवलंत ना, चूक कबूल करा. तिने केली. आता परिणाम नको म्हणता. ही कुठली शिकवण?"

आयुष्यभर सामान वाटणारा माणूस, पण याचं उत्तर त्यांच्या पिशवीत नव्हतं. गोष्टीत पिल्लू 'मी ढवळलं' म्हणतं आणि सगळे प्राणी त्याला कडेवर घ्यायचंच बाकी ठेवतात. त्या जंगलात मॅनेजर नसतो. पिल्लाच्या पायाचा ठसा घेऊन कोणी फाइलला लावत नाही. आणि पाणी भलत्यानेच ढवळलेलं असून पिल्लाला पटवून दिलं जातं की तूच ढवळलंस, अशी गोष्ट मुलांसाठी कोणी लिहीत नाही.

संध्याकाळी ते रेकॉर्ड रूममध्ये आले. मी एकटा होतो.

"असिस्टंट, एक सांग. गार्ड होता का रं?"

"होता साहेब. तक्त्यावर आहे."

"तक्ता राहू दे. तू बगितलास?"

"बघितला."

त्यांनी मान हलवली. विश्वास ठेवला त्यांनी. "म्हंजे ती खरं बोलली," ते म्हणाले. "खरं बोलली म्हणून गेली. न बोलती तर ऱ्हाती. आन बोलायला मी शिकवलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

इथे मला त्यांचाही राग येतो, आणि तो मी लपवणार नाही. वर्षानुवर्षं हा माणूस पडद्याच्या कोपऱ्यातला हातगाडीवाला बघत राहिला, आणि शंभर पावलांवरचं कटिंग मशीन बघायला गेला नाही. वही मशीनजवळ नेऊन, तिथल्या चार बायकांना उभं करून विचारलं असतं तर तासाभरात कळलं असतं. त्यांनी मला विचारलं. माणसाने तोंडाने सांगितलेलं खरं मानायचं, हे त्यांनी लोकांना नुसतं शिकवलं नव्हतं, स्वतःही तसेच वागत होते. असं वागणाऱ्या माणसाचा राग येतो, कारण त्याच्यासमोर खोटं बोलायला काहीच कष्ट पडत नाहीत.

पण तक्ता त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे होता.

सात-आठ महिन्यांनी मी त्यांच्या खोलीवर गेलो. का गेलो ते मला ठाऊक होतं, तरी जाताना केळी घेतली, आजाऱ्याला बघायला जावं तशी. खोलीत फळ्या रिकाम्या. सगळी पुस्तकं कुठल्याशा शाळेला देऊन टाकलेली.

"पिच्चर?"

"न्हाय जात."

त्यांनी चहा केला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले, "लोकास्नी अंगावरचं कातडं काडून ठेवायला शिकवलं मी. आन आजूबाजूला कुत्री कुटं बसल्यात त्ये बगितलंच न्हाय."

मी चहा पीत राहिलो.

"समद्यांची पानं हायत त्या वहीत," ते म्हणाले. "शिवाप्पाची हायत, वॉचमनची हायत. तुझी एक वळ न्हाय. मी चारदा चाळली."

"वेळ नाही मिळाला साहेब."

"आता वही न्हाय. तोंडानं सांगायचं आसंल तर सांग. दार लावून घेऊ का?"

त्यांना माहीत होतं का? मी वर्षानुवर्षं हा प्रश्न स्वतःला विचारतोय, आणि कधी वाटतं होतं, कधी वाटतं नव्हतं. एवढंच खरं की त्यांनी दार लावायचं विचारलं आणि मी म्हणालो, बस चुकेल. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले. बहिणीकडच्या लोकांनी करकंबला नेलं. मी मागच्या रांगेत उभा होतो.

आज त्यांच्या खुर्चीत मी आहे. हुद्द्याचं नाव बदललंय, पगार बराच वाढलाय. मागच्या महिन्यात पुण्याहून एक ट्रेनर आला होता, गळ्यात माइक, भिंतीवर गाजलेल्या सिनेमाचा तुकडा. हिरोकडून शिकण्यासारख्या पाच गोष्टी. मधोमधचा हिरो, कोपऱ्याचं नाव नाही. शेवटी सगळ्या कामगारांना चिठ्ठ्या वाटल्या: या वर्षी माझी कुठली चूक कंपनीला महागात पडली? जमा करून त्याने हसत त्या माझ्या हातात दिल्या. "सर, हा खजिना आहे, मॅनेजमेंटला उपयोगी पडेल." मी केबिनमध्ये येऊन एकही न वाचता सगळ्या फाडल्या. हे काही मोठं काम केलं असं कोणी समजू नये. चिठ्ठ्या फाडायला काय लागतं.

त्यानंतरच्या रविवारी नवी पेठेत साड्यांच्या दुकानाबाहेर अंबूबाई भेटली. मीच आधी बघितलं होतं आणि पलीकडून निघून जाणार होतो, पण तिने हाक मारली. केस पांढरे झालेत. पिशवी डाव्या हातात. मुलीचं लग्न ठरलंय. मुलगी शेजारीच होती, तीच, मोठी झालेली.

"ओळखलीस का?" अंबूबाई तिला म्हणाली. "आमचे सर हे. माझ्या हातून चूक झालेली नाही का, तवा दवाखान्यात आलेले. लई चांगले. मी हिला सारखं सांगते सर, लक्ष दिऊन काम करावं माणसानं. माझं बघ म्हणते, एक दिवस लक्ष नव्हतं, जल्माचं झालं."

मुलीने माझ्याकडे बघितलं. दवाखान्यात बघितलं होतं तसंच.

"साहेब असते तर लग्नाला आले असते," अंबूबाई म्हणाली. "तुमी या सर. नक्की या."

मी "येतो" म्हणालो.

साहेबांना मी एक उत्तर देणं लागत होतो, 'नव्हता'. ते आता देता येत नाही. अंबूबाईचं देणं राहिलंय. लग्नाच्या आधी, तिच्या घरी जाऊन, तिच्या मुलीसमोर मला तिला सांगायचं आहे की झाकण नव्हतं, ते तिने उचललं नव्हतं, मला माहीत होतं आणि चूक तिची नव्हती. आणि हेच लिहून, खाली सही करून, तो कागद तिच्या हातात द्यायचा आहे, तिला हवा तिथे नेण्यासाठी. हे मी अजून केलेलं नाही.